हिमालयापलीकडचा पोथीखाना : राहुल सांकृत्यायन यांच्या चार तिबेट-यात्रा

भारतातून बौद्ध धम्माचा ऱ्हास झाला असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर भग्न स्तूप, ओस पडलेले विहार आणि निर्जन लेणी उभी राहतात. दगडांचा ऱ्हास डोळ्यांना दिसतो. परंतु त्याच शतकांत घडलेला दुसरा ऱ्हास डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणून त्याची हळहळही फारशी वाटत नाही. तो ऱ्हास म्हणजे ग्रंथांचा. भिक्खुसंघ नाहीसा झाला, विहारांना मिळणारा आश्रय संपला आणि ताडपत्रांच्या नव्या प्रती लिहिणारे हात उरले नाहीत. ताडपत्र अमर नसते. आपल्या दमट हवेत काही पिढ्यांच्या आत त्याची नवी प्रत झाली नाही, तर कीड आणि बुरशी आपले काम पुरे करतात.

भगवान बुद्धांची वचने पाली तिपिटकाच्या रूपाने श्रीलंका, ब्रह्मदेश व सयाम या देशांनी जपली. मात्र त्यानंतरच्या हजार-बाराशे वर्षांत भारतातील आचार्यांनी संस्कृतात जे प्रचंड वाङ्मय लिहिले, त्याचा मोठा भाग भारतात नामशेष झाला. असंग, वसुबंधू, दिङ्नाग, धर्मकीर्ती ही नावे राहिली, पण त्यांचे बहुतेक मूळ ग्रंथ गेले. नेपाळात काही पोथ्या उरल्या. उरलेल्यांचे दर्शन फक्त तिबेटी व चिनी भाषांतरांतून होत असे. आणि गंमत अशी की, या आचार्यांची मते आपल्या पंडितांना कळत होती ती मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून, म्हणजे खंडनासाठी मांडलेल्या पूर्वपक्षातून! ज्याचे म्हणणे केवळ प्रतिपक्षाच्या तोंडून ऐकावयास मिळते, त्याला न्याय मिळतो काय? या देशातील बहिष्कृत समाजाला हा प्रश्न नवा नाही.

हे मौन मोडण्यासाठी एक मनुष्य चार वेळा हिमालय ओलांडून गेला. त्याच्या त्या यात्रांचा आणि त्यातून हाती आलेल्या वारशाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ग्रंथ पर्वत चढून कसे गेले?

तिबेटात भारतीय ग्रंथ पोहोचले ते दोन्ही बाजूंच्या माणसांच्या पायी प्रवासामुळे. आठव्या शतकात आचार्य शांतरक्षित तेथे गेले. 1042 मध्ये विक्रमशिलेचे आचार्य दीपंकर श्रीज्ञान गेले. उलट दिशेने तिबेटी भाषांतरकार भारतात येत राहिले. उष्ण हवा व रोगराई यांनी त्यांतील कित्येकांचे प्राण घेतले. 1204 मध्ये काश्मीरचे शाक्यश्रीभद्र तिबेटात पोहोचले. परंपरा त्यांना विक्रमशिलेचे अखेरचे महास्थविर मानते. मगधातील महाविहार तोपर्यंत उद्ध्वस्त झाले होते. त्यांच्यासोबत जे मोजके पंडित गेले, त्यांत विभूतिचंद्र नावाचा त्यांचा शिष्य होता.

शाक्यश्रीभद्रांजवळ साक्य येथील कुंगा ग्यालत्सेन या तरुण भिक्खूने प्रमाणशास्त्राचे अध्ययन केले. इतिहास त्याला साक्य पंडित (1182-1251) या नावाने ओळखतो. धर्मकीर्तींच्या 'प्रमाणवार्तिक' या ग्रंथाचे जुने तिबेटी भाषांतर या गुरुशिष्यांनी मिळून शुद्ध केले. तेव्हापासून तिबेटी मठांत तर्कशास्त्राचा पाया म्हणून हा ग्रंथ शिकविला जाऊ लागला. भाषांतर प्रचारात आले आणि मूळ संस्कृत पोथ्या फडक्यांत गुंडाळून पोथीखान्यांत ठेवण्यात आल्या. संस्कृत वाचणारे कोणी उरले नाही, तरी पोथ्या टाकून देण्यात आल्या नाहीत. तेथील थंड आणि कोरड्या हवेने त्या टिकविल्या. सुमारे सव्वासातशे वर्षे त्या तशाच पडून होत्या.

भिकाऱ्याच्या वेषात

राहुल सांकृत्यायन यांचा जन्म 9 एप्रिल 1893 रोजी आजमगढ जिल्ह्यातील एका ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव केदारनाथ पांडे. घर सोडून ते वैष्णव साधू झाले, पुढे आर्यसमाजी झाले आणि अखेर बुद्धाच्या विचारापर्यंत येऊन पोहोचले. 1927-28 मध्ये श्रीलंकेतील विद्यालंकार परिवेणात संस्कृत शिकविताना त्यांनी पाली तिपिटकाचे अध्ययन केले. त्यांच्याही आधी, 1902 मध्ये, आपल्या गोव्याचे धर्मानंद कोसंबी बुद्धधम्माच्या शोधात नेपाळपर्यंत गेले होते व तेथील अवस्था पाहून निराश होऊन परतले होते. पुढे त्यांनाही तो धम्म श्रीलंकेतच शिकावयास मिळाला. राहुलजींचा मार्ग याच्या उलट झाला. श्रीलंकेत शिकल्यावर त्यांच्या ध्यानी आले की, भारतीय बौद्ध विचाराची उत्तरकालीन बाजू समजून घ्यावयाची, तर तिबेट गाठल्यावाचून गत्यंतर नाही.

परंतु तिबेटात जाणे सोपे नव्हते. कालिंपोंगचा रस्ता इंग्रजांच्या परवान्यावाचून बंद होता. नेपाळचे राणा सरकारही भारतीयांना मोकळेपणी येऊ देत नसे. अपवाद होता तो महाशिवरात्रीचा, कारण तेव्हा पशुपतिनाथाच्या यात्रेकरूंना प्रवेश मिळे. 1929 च्या शिवरात्रीस यात्रेकरूंच्या गर्दीतून राहुलजी नेपाळात शिरले, तेथे काही काळ लपून राहिले आणि मग तिबेटी वेष करून उत्तरेकडे निघाले. वेदप्रामाण्य झुगारून दिलेल्या या माणसाला बुद्धाच्या ग्रंथांकडे जाण्यासाठी शिवाच्या यात्रेचा आडोसा घ्यावा लागला!

नेपाळहून तिबेटकडे जाणारी ही वाट पूर्वी व्यापाराची व सैन्याचीही वाट होती. तिच्यावर ठिकठिकाणी ओस पडलेल्या चौक्या व गढ्या दिसत. वाटेत थोंगला हा घाट लागतो. त्याची उंची राहुलजींनी सोळा-सतरा हजार फूट सांगितली आहे. घाटाच्या दोन्ही अंगांना कित्येक मैल गाव नाही. नदीच्या वळणांमुळे आणि डोंगरांच्या कोपऱ्यांमुळे दूरवरचा माणूस दिसत नाही. दरोडेखोरांना याहून सोयीची जागा नव्हती. ते आधी माणूस मारीत आणि मग त्याच्याजवळ पैसा आहे की नाही हे पाहत. राहुलजी भिकाऱ्याच्या वेषात होते. संशयास्पद माणूस दिसला की ते डोक्यावरची टोपी काढीत, जीभ बाहेर काढीत व दयेची याचना करून पैसा मागत. लुटारूने भिकाऱ्याला काय लुटावे? संस्कृत आणि पालीचा हा विद्वान अशा रीतीने जीव वाचवीत, पाठीवर स्वतःचे ओझे वाहत, सातू आणि लोणी-मिठाचा चहा यांवर दिवस काढीत ल्हासाकडे गेला.

या प्रवासात त्यांचा सोबती सुमती नावाचा एक मंगोल भिक्खू होता. गावोगावी त्याचे यजमान होते. त्यांना तो बोधगयेहून आणलेल्या कापडाच्या चिंध्यांचे गंडे वाटीत असे. बोधगयेचे कापड संपले की दुसऱ्या कोणत्याही कापडाच्या चिंध्या फाडून तो त्यांचेच गंडे करी. राहुलजींनी हे मिस्किलपणे पण द्वेष न ठेवता नमूद केले आहे. तिंग्रीच्या पठारापुढे शेकर येथील विहारात त्यांना कंजूरच्या, म्हणजे बुद्धवचनांच्या तिबेटी भाषांतराच्या, 103 हस्तलिखित पोथ्या आढळल्या. एकेक पोथी काही शेर वजनाची होती. सुमतीने पुन्हा यजमानांकडे जाण्याची परवानगी विचारली, तेव्हा राहुलजींनी ती आनंदाने दिली. ते स्वतः पोथ्यांत गढून गेले होते. एक सोबती गंडे वाटावयास गेला आणि दुसरा पोथी उघडून बसला. बौद्ध धम्माच्या इतिहासातील दोन प्रवृत्ती या एका प्रसंगात समोरासमोर दिसतात.

1929 मध्येच ते ल्हासाला पोहोचले. 1930 मध्ये परतताना कंजूर-तंजूर, इतर ग्रंथ आणि चित्रपट असा संग्रह त्यांनी 22 खेचरांवर लादून आणला. त्याच वर्षी श्रीलंकेत त्यांनी भिक्खू-उपसंपदा घेतली आणि ते राहुल सांकृत्यायन झाले. परंतु या फेरीत ज्या मूळ संस्कृत ताडपत्रांची आस होती, ती त्यांच्या हाती लागली नव्हती.

शालू, ङोर आणि साक्य

म्हणून 1934, 1936 आणि 1938 अशा आणखी तीन यात्रा झाल्या. 1934 मध्ये ल्हासा येथे त्यांना आम्दो प्रांतातील गेंदुन छोफेल हा तरुण विद्वान भेटला. वादसभा गाजविणारा, कवी व चित्रकार असलेला हा भिक्खू रूढीपूजक लामांना फारसा मानवणारा नव्हता. राहुलजींबरोबर तो मठामठांतून हिंडला, पुढे भारतात येऊन बारा वर्षे राहिला आणि त्याने 'धम्मपदा'चे पालीतून तिबेटीत भाषांतर केले. 1946 मध्ये तो मायदेशी परतला, तेव्हा तेथील शासनाने त्याला तुरुंगात टाकले. 1951 मध्ये त्याचे निधन झाले. नव्या विचाराची भीती केवळ ब्राह्मणी सत्तेलाच वाटते असे नाही, हे या उदाहरणावरून ध्यानात येईल.

शोधाचे क्षेत्र मुख्यतः शिगात्से या नगराच्या आसपासचे व पश्चिमेचे होते. शालू हा 1040 मध्ये स्थापन झालेला मठ शिगात्सेपासून सुमारे 20 किलोमीटरवर आहे. चौदाव्या शतकात महापंडित बुतोन येथेच राहत असत. ङोर हा 1429 मध्ये स्थापन झालेला मठ डोंगराच्या अरुंद दरीत वसला आहे. साक्य त्याहून पुष्कळ दूर, सुमारे 4300 मीटर उंचीवर आहे. त्याची स्थापना 1073 मधील. आपल्या कळसूबाईची उंची 1646 मीटर आहे हे लक्षात घेतले, म्हणजे या उंचीची काहीशी कल्पना येईल. तेथे श्वास अपुरा पडतो, दहा पावले चढले तरी थांबावे लागते, आणि भर उन्हाळ्यातही रात्री पाणी गोठू शकते.

वाटेपेक्षाही अवघड होते ते पोथीखान्याचे दार उघडणे. किल्ल्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात असत आणि कित्येक ठिकाणी एकाने होकार दिला तरी दुसऱ्याची संमती लागे. पोथ्या दाखविण्यास लोक तयार असत, पण हलवू देत नसत. त्यात गैर काही नव्हते. पूर्वजांनी जपलेला ठेवा परक्याच्या स्वाधीन कोण करील? म्हणून तेथेच बसून नकला करणे किंवा छायाचित्रे घेणे एवढाच मार्ग होता. 1936 मध्ये साक्य येथील एका बंद पोथीखान्यात, धुळीच्या थरांखाली, त्यांना ताडपत्रांचे गठ्ठे सापडले. प्रज्ञाकरगुप्तांचे 'प्रमाणवार्तिका'वरील भाष्य आणि कर्णकगोमींची टीका हे ग्रंथ अशा रीतीने प्रकाशात आले. ङोर येथे वसुबंधूंचे 'अभिधर्मकोशभाष्य' मिळाले. मनोरथनंदींच्या टीकेची जी प्रत मिळाली, ती होती शाक्यश्रीभद्रांबरोबर गेलेल्या त्या विभूतिचंद्रांच्या हातची, त्यांच्या टिपणांसह! मायदेशातील विहार नष्ट झाल्यावर परमुलखात बसून एका भारतीय भिक्खूने ही प्रत लिहिली, आणि ती पुन्हा एका भारतीय भिक्खूच्याच हाती पडली. 1938 च्या यात्रेत राहुलजींनी सोबत छायाचित्रकार व चित्रकारही नेले.

पोथीत काय होते?

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर या ग्रंथांच्या आशयात आहे.

सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या आचार्य धर्मकीर्तींनी ज्ञानाची दोनच साधने मानली, ती म्हणजे प्रत्यक्ष आणि अनुमान. ग्रंथप्रामाण्याला, मग तो ग्रंथ कितीही पवित्र मानला जावो, स्वतंत्र स्थान त्यांनी दिले नाही. बुद्धही प्रमाण आहेत ते अलौकिक सामर्थ्यामुळे नव्हेत. दुःखाचे कारण व त्याच्या निरोधाचा मार्ग त्यांनी स्वतः जाणला आणि करुणेपोटी तो इतरांना दाखविला, म्हणून ते प्रमाण आहेत. जगात किडे किती आहेत हे ठाऊक असणाऱ्या सर्वज्ञाचा माणसाला काय उपयोग, अशा आशयाचा त्यांचा रोकडा सवाल आहे.

'प्रमाणवार्तिका'च्या पहिल्या परिच्छेदावर त्यांनी स्वतःच वृत्ती लिहिली. तिच्या अखेरीस बुद्धिभ्रंशाची पाच चिन्हे सांगितली आहेत. वेदांना प्रमाण मानणे, जगाचा कोणी कर्ता आहे असे समजणे, स्नानाने पुण्य लाभते असा विश्वास ठेवणे, देहाला क्लेश दिल्याने पाप फिटते असे मानणे आणि जातीचा अभिमान बाळगणे, ही ती पाच होत. जात्यभिमान हा येथे केवळ नीतीचा दोष ठरविलेला नाही. तो बुद्धीचाच दोष मानला आहे, हे विशेष होय.

प्रज्ञाकरगुप्त व कर्णकगोमी या टीकाकारांनी हा धागा पुढे नेला. गाय आणि घोडा यांतील भेद डोळ्यांना दिसतो, तो कोणी सांगावा लागत नाही. ब्राह्मण आणि शूद्र यांत असा कोणता भेद दिसतो? तो कोणीतरी सांगावा लागतो. जो भेद सांगितल्यावाचून कळत नाही, तो निसर्गाचा नसून व्यवहारातील संकेताचा आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा सारांश आहे. जात ही वस्तू नाही. ती माणसांनी लादलेली कल्पना आहे, हा विचार बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अनुयायांना परिचित आहे. परंतु प्रमाणशास्त्राच्या काटेकोर भाषेत, वैदिक पंडितांशी भर वादसभेत तो बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी मांडला गेला होता, आणि त्याची मूळ पाने या देशात उरली नव्हती.

दोन खुलासे

येथे दोन गोष्टी स्पष्ट करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. पहिली धर्मकीर्तींविषयी. त्यांच्या ग्रंथातील सर्वच मते बाबासाहेबांच्या मतांशी जुळतात असे नव्हे. पूर्वजन्म सिद्ध करण्यासाठी त्यांनी लोकायतिकांशी बराच वाद केला आहे. प्राचीन आचार्याच्या तोंडी आपले शब्द घालणे हा इतिहास नव्हे.

दुसरी गोष्ट तिबेटविषयी. तेथे जातपात व शिवाशीव नाही, स्त्रिया पडदा पाळत नाहीत आणि अनोळखी वाटसरूही घरात आतपर्यंत जाऊ शकतो, असे राहुलजींनी समाधानाने लिहिले. भारतातून जाणाऱ्याला तसे वाटणे स्वाभाविक होते. परंतु त्यांनीच हेही नोंदविले आहे की, तेथील जमीन जहागीरदारांत वाटलेली होती, तिचा फार मोठा भाग मठांच्या हाती होता आणि शेतीसाठी वेठबिगारीचे मजूर मिळत. लोहार, खाटीक आणि प्रेतांची विल्हेवाट लावणारे लोक तेथेही हीन लेखले जात. ज्या पोथीखान्यांत जात्यभिमानाचे खंडन जपले होते, त्यांच्या भिंतींबाहेरही उच्चनीचता नांदत होती. विचार केवळ जपला म्हणजे तो आचरणात येतोच, असे नाही.

पुढे काय झाले?

'प्रमाणवार्तिका'ची मूळ कारिका 1938 मध्ये, कर्णकगोमींची टीका 1943 मध्ये अलाहाबादेस आणि प्रज्ञाकरगुप्तांचे भाष्य 1953 मध्ये पाटण्यास प्रसिद्ध झाले. 'अभिधर्मकोशभाष्य' प्रल्हाद प्रधान यांनी संपादून 1967 मध्ये छापले गेले. या कार्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्याचे प्रा. वा. वि. गोखले यांनी राहुलजींच्या छायाचित्रांवरून 'अभिधर्मकोशा'च्या कारिका 1946 मध्ये आणि असंगांच्या 'अभिधर्मसमुच्चया'चे उपलब्ध अंश 1947 मध्ये मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रकाशित केले. त्याच 1946 साली, त्याच मुंबईत, बाबासाहेबांनी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. एकीकडे बुद्धाच्या परंपरेतील ग्रंथ सातशे वर्षांनी परत येत होते आणि दुसरीकडे त्या ग्रंथांपासून व सर्वच अक्षरांपासून दूर ठेवलेल्या समाजासाठी विद्येची दारे उघडत होती.

राहुलजी पुढे भिक्खू राहिले नाहीत. ते साम्यवादी चळवळीत गेले. 14 एप्रिल 1963 रोजी दार्जिलिंग येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे श्रीलंकेपासूनचे स्नेही भदंत आनंद कौसल्यायन यांनी मात्र आयुष्याची अखेरची वर्षे नागपुरात काढली आणि बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ हिंदीत आणला.

सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (1966-76) तिबेटातील असंख्य मठ जमीनदोस्त झाले. साक्यचा उत्तरेकडील मठ गेला, दक्षिणेकडील महाविहार वाचला. अनेक संस्कृत पोथ्या त्याआधीच बीजिंगला नेलेल्या होत्या. त्या 1993 मध्ये ल्हासाला परत आल्या. त्यांच्या आधारे धर्मकीर्तींच्या 'प्रमाणविनिश्चया'चा मूळ भाग 2007 मध्ये आणि 'हेतुबिंदू' 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. हे काम झाले ते मुख्यतः व्हिएन्ना येथील विद्वानांच्या हातून.

वाचनाचे उत्तरदायित्व

आज ताडपत्रांसाठी थोंगला घाट चढावा लागत नाही. ग्रंथ छापलेले आहेत. 1959 नंतर निर्वासित झालेल्या तिबेटी भिक्खूंचे मठ कर्नाटकात मुंडगोड व बैलकुप्पे येथे आहेत. तेथे टाळ्या वाजवीत, प्रश्नोत्तरे करीत 'प्रमाणवार्तिका'वर आजही वाद चालतात. मुंडगोड हे कोल्हापूरहून एका दिवसाच्या वाटेवर आहे. उरलेला चढ वेगळा आहे. तो आहे पाली, संस्कृत आणि तिबेटी भाषा शिकण्याचा, आणि हे ग्रंथ मराठीत आणण्याचा.

आपल्या विहारांतही कपाटे आहेत. त्यांत बाबासाहेबांचे ग्रंथ आहेत, तिपिटकाचे खंड आहेत. काही विहारांत त्या कपाटांना कुलपे आहेत आणि किल्ली कोणाजवळ आहे हे विचारत फिरावे लागते. जयंतीच्या दिवशी त्या ग्रंथांना हार घातला जातो. हार घालण्यात वाईट काही नाही. परंतु साक्यच्या भिक्खूंनी न वाचता सातशे वर्षे पोथ्या जपल्या, त्याला कारण होते. ती भाषा त्यांच्या देशातून नाहीशी झाली होती. आपल्याजवळ तसे कोणतेही कारण नाही. ज्या विहारात आठवड्यातून एक दिवस का होईना, कपाट उघडून चार माणसे एकत्र वाचावयास बसतील, त्या विहाराने विभूतिचंद्रांचे आणि राहुलजींचे ऋण काही अंशी फेडले असे म्हणता येईल.